पत्ता काय दाखवतोय?

पहाटे साडेपाच

डिसेंबरात आदिलाबादला साडेपाच म्हणजे अजून रात्रच. तेलंगणातल्या थंडीचे आकडे छापून आले की त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव बहुधा वरच असतं. बाजार समितीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जाताना ऐकू येतात. चहाचं आधण ठेवून मी फोन बघते. विद्यार्थ्यांचे निरोप रात्रीतून येऊन पडलेले असतात. दिवसभर शेत, दुकान, कॉलेज. अभ्यासाला त्यांना रात्रच मिळते.

आजचा पहिला निरोप बेला मंडलातल्या एका मुलाचा. पैनगंगेच्या अलीकडचं गाव, नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, शाळा तेलुगूत, आणि फोन कधी आपला टॉवर धरतो तर कधी पलीकडचा. तो विंडोज सर्व्हर शिकतोय, तेही स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आतला खोटा संगणक, उभा करून. लिहिलंय, "मॅडम, व्हीएममध्ये नेट येऊन नाही राहिलं. सगळं काढून पुन्हा टाकू का?"

शेवटचं वाक्य वाचलं की मी चहा बाजूला ठेवून फोन लावते. "पुन्हा टाकणं" म्हणजे चार-पाच जीबीची फाइल मोबाइलच्या डेटावर नव्याने उतरवायची, अर्धा दिवस इन्स्टॉल करत बसायचं आणि शेवटी त्याच दोषापाशी येऊन थांबायचं. कारण दोष विंडोजमध्ये नसतोच. तो विंडोजच्या खाली असतो, जिथे खोटं नेटवर्क कार्ड खऱ्या कार्डाला जोडलेलं आहे तिथे. वर कितीही वेळा नवं विंडोज टाकलं तरी खालची जोडणी तशीच राहते.

"काही काढू नकोस. आयपीकॉन्फिग दे आणि पत्ता काय दाखवतोय ते वाच."

"एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न..."

पुढचे आकडे ऐकायची गरज राहत नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता विंडोज स्वतःच स्वतःला देतं, तेही डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याकडे, पत्ता मागून कुणीच उत्तर दिलं नाही तर. म्हणजे व्हीएमचं कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, आतलं विंडोज ठीक. मागणी बाहेर पडली आणि उत्तर देणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. इतकी माहिती एका आकड्यातून मिळते. म्हणून माझा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या दिवशी पत्ता वाचायला शिकतो. बाकी सगळं त्यानंतर.

आता सेटिंग. अटॅच्ड टू: ब्रिज्ड, म्हणजे व्हीएम एका खऱ्या कार्डातून थेट बाहेरच्या जाळ्यात. खाली नाव कुणाचं? लॅपटॉपच्या वायरच्या कार्डाचं. लॅपटॉप मात्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, वाय-फायने. वायरच्या भोकात वायरच नाही, आणि व्हीएम बिचारं तिथे पत्ता मागत बसलेलं. त्याला फक्त अपडेट उतरवायचे होते, म्हणून मी ब्रिज्ड काढून नॅट लावायला सांगते, म्हणजे व्हीएम लॅपटॉपच्याच जोडणीवरून बाहेर जाईल. मिनिटभरात पलीकडून आवाज येतो, "१०.०.२.१५ आलं, मॅडम!" चहा पुन्हा गरम करावा लागतो, पण त्याचं काही वाटत नाही.

सात

भाकऱ्या, डबे, सासूबाईंची औषधं. या तासात फोन दुसऱ्या खोलीत.

साडेआठ

पुढच्या खोलीत टेबल, दोन लॅपटॉप, एक जुना स्विच, भिंतीवर पांढरा फळा. इथून मी नऊ ते पाच एका कंपनीसाठी काम करते. कंपनीच्या प्रशिक्षणार्थींना सरावासाठी व्हीएम दिलेली असतात आणि त्यांचं नेटवर्क बिघडलं की तक्रार माझ्याकडे येते. संध्याकाळी याच खोलीत माझा वर्ग भरतो.

माझं माहेर किनवट. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार प्रांतरचनेत ते नांदेडकडे गेलं, राजुराही आजच्या महाराष्ट्रात गेलं. त्यामुळे सासर परराज्यात असलं तरी मला ते परकं कधी वाटलं नाही. मुदखेडहून येणारी आगगाडी किनवट ओलांडून आदिलाबादलाच येते. पण संगणकाचं शिकायचं म्हटलं की दोन्ही गावांतल्या मुलांना एकच उत्तर मिळायचं: हैदराबादला अमीरपेठेत जा, नाहीतर पुण्याला. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर. खोलीचं भाडं, खानावळ, वर्गाची फी. ज्यांच्या घरी दोन-चार एकर कापूस आहे त्यांना हे झेपत नाही, आणि मुलींना तर बहुतेक घरांतून पाठवतच नाहीत. एका लॅपटॉपमध्ये तीन-चार यंत्रं उभी करता येणं हे म्हणूनच मला फार मोठं वाटतं. राउटर, सर्व्हर, क्लायंट यांची पूर्ण प्रयोगशाळा आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपमध्ये, उत्नूरच्या आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीच्या मांडीवर. ती प्रयोगशाळा बंद पडते ती बहुतेक वेळा एकाच जागी, नेटवर्क ॲडाप्टरपाशी. आणि तिथे अडलेलं मूल असं समजतं की हा विषय आपल्याला जमणारा नाही. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या समजुतीचा.

दहा

पुण्याच्या एका प्रशिक्षणार्थीची तक्रार: काल संध्याकाळपर्यंत व्हीएममधून सगळं उघडत होतं, आज एकही साइट उघडत नाही. पत्ता विचारते. १०.०.२.१५, म्हणजे नॅट आणि डीएचसीपी दोन्ही जागेवर. मग त्याला नावाऐवजी थेट आकड्यांचा पत्ता वापरून बाहेर जायला सांगते. जातं. नावाने जात नाही.

दोष नावावरून आकडा शोधण्यात आहे, डीएनएसमध्ये. आज सकाळी त्याने लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन सुरू केलं. होस्टने, म्हणजे लॅपटॉपने, आपला डीएनएस बदलला. आतलं लिनक्स मात्र कालपासून झोपवून ठेवलेलं, सेव्ह केलेल्या अवस्थेतून उठवलेलं. ते अजून कालच्या घरच्या राउटरलाच नावं विचारतंय, आणि व्हीपीएनच्या वाटेवर तो राउटर उत्तर देत नाही. आतलं नेटवर्क एकदा बंद-चालू केलं की नवा डीएनएस मिळतो. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला सांगता येतं की नावं शोधायचं काम होस्टच्याच यंत्रणेवर सोपव. तशी एक सेटिंग आज्ञेने चालू करावी लागते.

तो ट्रेसराउट करून बघणार होता. मी थांबवते. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधून पिंग साधारणपणे चालतं, पण ट्रेसराउटच्या उत्तरावर विसंबता येत नाही. तिथे दिसणाऱ्या चांदण्यांवरून वाट तुटली आहे असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. जे साधन त्या वाटेवर नीट चालतच नाही, त्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही.

साडेबारा

जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवरून गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये. कापसाचा हंगाम म्हणजे आदिलाबादचा श्वास. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, हवेत तंतू, ऑफिसच्या खिडकीच्या जाळीवर पांढरा थर. मुनीमकाका दारातच उभे.

"ताई, याले काय झालं पाहा ना. वजन घेऊन राहिलं, पण बिल काही निघत नाही."

वजनकाट्याचा त्यांचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालतो. बनवणारा केव्हाच गाव सोडून गेला. जुना संगणक या हंगामाच्या तोंडावर बंद पडला, तेव्हा मालकांच्या पुतण्याने नव्या लॅपटॉपवर व्हीएम करून त्यात एक्सपी बसवलं. चांगलं काम केलंय त्याने, काटा आकडे बरोबर देतोय. फक्त नेटवर्कवरच्या प्रिंटरपर्यंत बिल जात नाही.

इथे पत्ता विचारून उपयोग नाही, कारण एक्सपीत नेटवर्क कार्डच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इथरनेट कंट्रोलरपुढे पिवळं प्रश्नचिन्ह. पत्ता चुकीचा असणं वेगळं आणि पत्ता ठेवायला जागाच नसणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात राउटर, वायर, प्रिंटर यांना हात लावायचं काहीच कारण उरत नाही.

व्हीएमला जे कार्ड दिसतं ते प्रत्यक्षात कुठे नसतंच. व्हर्च्युअलबॉक्स एखाद्या खऱ्या, जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करतं, आणि कोणत्या कार्डाची ते आपण निवडायचं असतं. इथे इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप निवडलेलं होतं. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजना ते ओळखता येतं, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नाही. यंत्र करताना यादीतून नवं विंडोज निवडलं गेलं असणार, मग कार्डही आपोआप नवं आलं. मशीन पूर्ण बंद करून, कारण चालू असताना हा प्रकार बदलता येत नाही, मी पीसीनेट-फास्ट ३ निवडते. एएमडीचं हे जुनं कार्ड जवळजवळ सगळ्या जुन्या प्रणाली आपणहून ओळखतात. एक्सपी सुरू होतं, कोपऱ्यात फुगा येतो: नवं हार्डवेअर सापडलं.

काम इथे संपलं असतं, पण मी पाच मिनिटं जास्त थांबते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. त्यानंतर सापडलेल्या बहुतेक भोकांना ठिगळं मिळाली नाहीत. असं यंत्र ब्रिज्ड करून ऑफिसच्या नेटवर्कवर उघडं ठेवणं म्हणजे हंगामाच्या ऐन भरात सगळ्या हिशेबावर संकट ओढवणं. म्हणून ब्रिज्ड नको, नॅट. नॅटमध्ये बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. आतून बाहेर जायची वाटही मी अरुंद करते: एक्सपीला पत्ता हाताने देते, गेटवेचा रकाना रिकामा ठेवते, आणि एका आज्ञेने फक्त प्रिंटरच्या पत्त्याकडे जाणारी कायमची वाट लिहून ठेवते, १०.०.२.२ वरून. आता ते यंत्र लॅपटॉपबाहेर फक्त प्रिंटरशी बोलेल, जगात दुसऱ्या कुणाशीही नाही.

बिलाचा कागद बाहेर येतो. काका तो उजेडात धरून वजन आणि भाव दोन्ही वाचतात, आणि बाहेर खोळंबलेल्या शेतकऱ्याला हाक मारतात. तो सकाळपासून उभा आहे. पैसे या कागदावर मिळतात. खोट्या कार्डाचा चुकीचा प्रकार निवडला गेला की कुणाचा तरी दिवस असा फाटकात जातो, हे मला वर्गातल्या मुलांना रोज सांगावंसं वाटतं.

अडीच

घरी परत, तर इंटरनेट गेलेलं. कुठेतरी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. कंपनीचं काम मोबाइलच्या डेटावर जेमतेम चालतं. पण संध्याकाळच्या वर्गाच्या तयारीत याने खंड पडत नाही, आणि हेही मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. होस्ट-ओन्ली आणि इंटर्नल या दोन पद्धतींना बाहेरचं नेट लागतच नाही. होस्ट-ओन्लीत व्हीएम एकमेकांशी आणि लॅपटॉपशी बोलतात. इंटर्नलमध्ये फक्त एकमेकांशी, लॅपटॉपलाही त्यात जागा नाही. फायबर तुटू दे, डेटा संपू दे, तीन यंत्रांचं जाळं लॅपटॉपच्या आत सुरूच राहतं. रूटिंग, फायरवॉल, डीएचसीपी, डीएनएस, सगळं त्यात शिकता येतं. जिथे जोडणीचा भरवसा नाही तिथल्या मुलांनी या दोन पद्धती आधी शिकाव्यात असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं नॅटपासून सुरुवात करतात, कारण ती लिहिणाऱ्यांच्या घरचं नेट जात नसावं.

चार

कंपनीच्या उरलेल्या तक्रारी. दोन पासवर्डच्या, एक अशी की सेटिंगमधली "केबल कनेक्टेड" ही खूणच काढलेली. लिनक्स सांगत होतं, वाहक नाही; ते अक्षरशः खरं होतं.

साडेपाच

वर्ग. फायबर जोडली गेलीय. मुलं येतात: मावल्याहून, दासनापूरहून, तामसीकडून बसने. दोन मुली उत्नूरच्या बाजूच्या, इथे वसतिगृहात राहतात, घरी गोंडी बोलतात. वर्गात प्रश्न तेलुगूत येतो, उत्तर मराठीत जातं, आणि भांडण दख्खनी हिंदीत होतं. स्क्रीनवरची इंग्रजी सगळ्यांना सारखीच परकी, त्यामुळे ओळ न ओळ मोठ्याने वाचायची असा नियम.

आज दोन उबंटू सर्व्हर एकमेकांशी बोलवायचे आहेत. वसतिगृहातल्या एका मुलीने एक सर्व्हर बसवला, त्याचा क्लोन केला, दोन्ही सुरू केले. एकातून दुसऱ्याला पिंग. ती पडद्याकडे बघत राहते.

"मॅडम, दोघांचा पत्ता एकच आहे. १०.०.२.१५. माझं काहून असं?"

माझ्या तासातला सगळ्यात आवडता प्रश्न. बाकीच्यांनाही पत्ते वाचायला लावते. सगळ्यांचं तेच, प्रत्येक लॅपटॉपवर, प्रत्येक यंत्रात १०.०.२.१५.

फळ्यावर काढून दाखवते. साध्या नॅटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक व्हीएमसाठी वेगळा, स्वतंत्र, छोटासा राउटर उभा करतं. त्या राउटरमागे एकच यंत्र. राउटरचा पत्ता १०.०.२.२, डीएनएसचा १०.०.२.३, आणि यंत्राला मिळणारा पत्ता १०.०.२.१५. दुसऱ्या व्हीएमला दुसरा राउटर, पण आकडे तेच. म्हणजे हे एका जाळ्यातले दोन सारखे पत्ते नाहीत. ही दोन वेगळी जाळी आहेत, एकमेकांना न दिसणारी. बाहेर जाताना दोघांवरही लॅपटॉपचाच पत्ता पडतो. वसतिगृहातल्या मुलीला हे समजवायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही: खोली कोणतीही असो, बाहेर जाणाऱ्या टपालावर पत्ता वसतिगृहाचाच, आणि बाहेरून आलेलं टपाल खोलीपर्यंत न्यायचं तर वॉर्डनच्या वहीत आधी नोंद हवी. त्या नोंदीला नेटवर्कमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

तेव्हा दुसरं ॲडाप्टर जोडायचं, होस्ट-ओन्ली. पहिलं नॅट अपडेटसाठी, दुसरं आपापसात बोलायला. मशीनमध्ये आता दोन कार्डं: एनपी०एस३ आणि एनपी०एस८. दुसऱ्याला नेटप्लॅनच्या फाइलमध्ये डीएचसीपी मागायला सांगितलं नाही तर ते पत्त्याशिवायच बसून राहतं, हे दोघांचं झालंच. फाइलमधली मोकळी जागा मोजून द्यावी लागते, टॅब चालत नाही, हे बाकीच्यांचं. सगळं होऊन मशीन सुरू होतात. मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलंय: लॅपटॉप १९२.१६८.५६.१, पत्ते वाटणारा १००, पहिल्या मशीनला १०१, दुसऱ्याला १०२.

तीच मुलगी पुन्हा म्हणते, "मॅडम, दोघांना १०१."

वर्गात हसू फुटतं, पण तिचा चेहरा बघून मी ते थांबवते. आता खरंच एका जाळ्यात दोन सारखे पत्ते आहेत. मघाशी जे चूक वाटत होतं ते बरोबर होतं. आता जे दिसतंय ते चूक आहे. लक्षण एकच, कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखता येणं हेच या कामातलं शहाणपण. मी पुढचा अर्धा तास काहीच सांगत नाही. शोधू देते.

पहिला संशय मॅक पत्त्यावर, म्हणजे कार्डाच्या ओळखक्रमांकावर, जातो, आणि जायलाच हवा. क्लोन करताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं की कार्डांना नवे मॅक पत्ते द्यायचे का. नाही म्हटलं तर दोन्ही यंत्रं एकच ओळख घेऊन फिरतात. मुलं तपासतात. दोन्हींची सुरुवात ०८:००:२७, ती व्हर्च्युअलबॉक्सची ठरलेली. पुढचे आकडे मात्र वेगळे. म्हणजे मॅक निर्दोष. आता तामसीचा मुलगा म्हणतो, डीएचसीपी देणारा बिघडलाय. मग शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर तो नीट कसा? त्याने दुसरा सर्व्हर क्लोन केला नव्हता, पुन्हा इन्स्टॉल केला होता. हा फरक पकडला तो त्या मुलीनेच, मी नाही.

उबंटू सर्व्हर पत्ता मागताना फक्त मॅक दाखवत नाही. तो स्वतःची एक ओळख पुढे करतो, आणि ती ओळख तयार होते इटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमधून. क्लोन केला की ही फाइलही अक्षरन्अक्षर तशीच जाते. कार्ड नवं, मॅक नवा, पण आत यंत्राचं नाव तेच. पत्ते देणाऱ्याच्या नोंदीत हे आधीचंच यंत्र परत आलेलं, म्हणून तो जुनाच पत्ता परत देतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही. क्लोनमधली ती फाइल रिकामी करायची, नवी ओळख तयार करायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. किंवा नेटप्लॅनमध्ये लिहायचं की डीएचसीपीला मॅकच दाखव. ती पहिला मार्ग घेते. १०२ येतो. पिंग जातं. आधी दोन ओळी, मग धडाधड.

एक मुलगा विचारतो, ही व्हीएम कुणाची युक्ती? पुण्याची का अमेरिकेची? मी थोडक्यात सांगते. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या गटाने १९६७ च्या सुमारास सीपी-४० चालवून एका यंत्रात अनेक यंत्रं दाखवली. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं. त्या काळी असं यंत्र घ्यायला मोठी संस्था लागायची, आणि ते ठेवायला अख्खी खोली. आपल्यासारख्यांच्या संगणकावर ही गोष्ट आली ती १९९९ मध्ये, व्हीएमवेअरच्या वर्कस्टेशनने. व्हर्च्युअलबॉक्स २००७ चं, इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं, पुढे सन आणि मग ओरॅकलकडे गेलेलं. इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हीएमसाठीची सोय २००५ मध्ये दिली, आणि ती बायॉसमध्ये बंद असेल तर कसं कळतं, हे पुढच्या तासाला.

त्या मुलीला मी शेवटी एकच काम देते: मशीन-आयडीची ही गोष्ट तेलुगूत आणि गोंडीत लिहून आण, वसतिगृहातल्या धाकट्या मुलींना वाचता येईल अशी.

आठ

नांदेडहून एका शिक्षकमित्राचा फोन. त्यांच्या संस्थेच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सऐवजी विंडोजचं हायपर-व्ही आहे. व्हीएमला त्यांनी हाताने पत्ता दिला, दिवसभर उत्तम चाललं, आज लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर काहीच नाही. स्विच कोणता? डिफॉल्ट स्विच. तो विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आपोआप मिळतो आणि नॅट पुरवतो, पण लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की तो आपली आकड्यांची मालिका बदलू शकतो. हाताने दिलेला पत्ता मग जुन्या मालिकेत अडकून पडतो. त्यावर डीएचसीपीच ठेवा, आणि पक्का पत्ता हवा असेल तर स्वतःचा इंटर्नल स्विच करून त्यावर द्या. भाजी फोडणीला टाकता टाकता सगळं सांगून होतं.

साडेनऊ

आजचा शेवटचा निरोप गावातल्याच एका मुलाचा, भुक्तापूरचा. बीएस्सी करतोय, फार चिकाटीचा. ब्रिज्ड लावलं तर खालच्या नावाच्या रकान्यात काहीच येत नाही, "निवडलेलं नाही" एवढंच. म्हणून व्हीएम सुरूच होत नाही. काल चालत होतं. रात्री विंडोजचं मोठं अपडेट झालं.

इथे पत्ता नाही, कार्डाचा प्रकारही नाही. खोट्या आणि खऱ्या कार्डामधला सांधाच गेलाय. विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स एक छोटा ड्रायव्हर खऱ्या कार्डावर चढवून ठेवतं, त्यातून ब्रिज्डची ये-जा होते. अपडेटमध्ये त्याची गाठ कधीकधी सुटते. मी त्याला वाय-फायच्या गुणधर्मांची खिडकी उघडायला लावते. यादीत खाली व्हर्च्युअलबॉक्स एनडिस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर. समोरची खूण गेलेली. खूण कर, ठीक म्हण, व्हर्च्युअलबॉक्स बंद करून उघड. वाय-फायचं नाव रकान्यात येतं. खूण करूनही आलं नसतं तर फक्त व्हर्च्युअलबॉक्सचा इन्स्टॉलर पुन्हा चालवून दुरुस्ती करायला सांगितलं असतं. व्हीएमच्या फाइलींना तेव्हाही हात लावावा लागत नाही.

त्याला मी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. वाय-फायवर ब्रिज्ड नेहमी चालेलच असं नाही. बहुतेक ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या लॅपटॉपच्याच मॅकची पाकिटं घेतात, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स आतल्या मॅकच्या जागी लॅपटॉपचा मॅक घालून ती पुढे पाठवतं. घरच्या राउटरवर हे निभावतं, कॉलेजच्या किंवा हॉटस्पॉटच्या जाळ्यात फसू शकतं. तिथे नॅट लाव आणि पोर्ट फॉरवर्डिंग कर, भांडू नकोस.

व्हीएम सुरू होतं, घरच्या राउटरकडून पत्ता मिळतो. तो लगेच वेब सर्व्हर उभा करायला घेणार, मी आधी स्नॅपशॉट घ्यायला लावते. उद्या सकाळी त्याच्या आईच्या फोनवरून ते पान उघडायला हवं; ब्रिज्डचा हट्ट त्याने त्यासाठीच धरलाय.